वचनभंग

गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस आम्ही बंगळुरास चिरंजीवांच्या घरी उतरलो. घर सर्जापूर रोडवर. कोरमंगल्याकडून निघालेला हा रस्ता अगरच्या तळ्याजवळून इब्बलूरच्या चौकात येतो, तेथे बाहेरचा वळणरस्ता ओलांडतो आणि दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत सर्जापूर नावाच्या जुन्या गावी पोहोचतो. पोहोचतो असे आम्ही नकाशाच्या आधारे लिहीत आहो. आमचा स्वतःचा पाऊण तास इब्बलूरच्या चौकातच खर्ची पडला. अखेर नवव्या मजल्यावरची घंटा वाजविली. दार सहा वर्षांच्या नातवाने उघडले, आम्हांस नखशिखान्त न्याहाळले आणि आत तोंड करून मोठ्या आनंदाने आरोळी ठोकली, "आई, आजोबा आला!"

सूनबाई ओशाळल्या. "आला नाही रे, आले म्हणावं," असे त्यांनी तेथल्या तेथे दटावले. त्यावर नातवाने जो प्रश्न केला, त्यानेच हा लेख लिहावयास लावले. तो म्हणाला, "पण आजोबा तर एकच आहे ना?"

चाळीस वर्षे सरकारी टिपणांत स्वतःस 'आम्ही' न म्हणण्याची शिस्त पाळून निवृत्तीनंतर लेखांपुरते 'आम्ही' म्हणवून घेणाऱ्या माणसास उंबऱ्यावरच एकवचनात काढले गेले, यातली गंमत आम्हांस कळली. थोडे लागलेही, हे कबूल करतो. परंतु प्रश्न बिनतोड होता. आजोबा एकच, मग क्रियापद अनेकांचे का?

मराठीत वचन हे केवळ मोजदादीचे साधन नाही. 'वडील आले' यातील 'आले' हे रूप दोन वडील आले असे सांगत नाही; बोलणारा लहान आणि आलेला मोठा, एवढेच ते सांगते. त्यातही आमच्या भाषेची तऱ्हा अशी की वडील 'आले', पण आई 'आली'. शेजारच्या बाई 'आल्या', मास्तरीणबाई 'आल्या', परंतु जिने जन्म दिला ती 'आली'. देवाचेही तसेच. कलेक्टर 'आले', मामलेदार 'आले', पण विठोबा 'आला' आणि राम वनात 'गेला'. ज्यांच्यापाशी भीड नाही त्यांना एकवचन, ज्यांच्यापाशी अंतर आहे त्यांना अनेकवचन, असा हा व्यवहार आहे. तेव्हा नातवाने आम्हांस देवाच्या व आईच्या पंक्तीस बसविले अशी समजूत घालून घेता आली असती. पण तसे नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. त्याने मराठी वाक्याला इंग्रजीचे गणित लावले होते.

हेच गणित आमच्या पिढीला उलट्या दिशेने सोडवावे लागले. मराठी शाळेतून इंग्रजीच्या वर्गात गेलेल्या आम्हां मुलांची वही लाल शाईने भरे ती दोन कारणांनी. पहिले कारण त्या 'एस' या अक्षराचे. मराठीत 'बैल आला' आणि 'बैल आले' यांत नाम जागचे हलत नाही. एक की अनेक हे क्रियापदानेच सांगावयाचे. इंग्रजीत अनेकवचन करताना नामाला 'एस' लागतो आणि एकवचनी कर्त्याच्या साध्या वर्तमानकाळी क्रियापदालाही 'एस'च लागतो. 'बॉय रन्स', 'बॉईज रन'. आमचे मास्तर म्हणत, हा 'एस' एका वेळी एकाच घरी जेवतो. नामाकडे गेला की क्रियापद उपाशी. चालीरीतीची ही समजूत व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा अधिक टिकली. दुसरे कारण मात्र संस्काराचे होते. 'माय फादर हॅज कम' असे लिहिताना हात अडखळे. वडिलांना 'हॅज' लावणे म्हणजे त्यांना अरेतुरे करणे वाटे. म्हणून वर्गातील निम्मी मुले 'माय फादर हॅव कम' असे लिहीत आणि छडी खात. ती चूक अज्ञानाची नव्हती, सभ्यपणाची होती.

मराठी माणूस आणि इंग्रजी व्याकरण यांची ही गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपुरास मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले होते, पण मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आणि शाळांतून पिढ्यानपिढ्या चाललेले व्याकरण म्हटले की नाव येते ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे. १८१४ साली जन्मलेल्या दादोबांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. (ज्यांनी आम्हांस भाषांतर करावयास शिकविले ती 'भाषांतर पाठमाला' दुसऱ्या तर्खडकरांची, द्वारकानाथ राघोबांची, वाचकांनी गल्लत करू नये.) दादोबा पुढे 'मराठीचे पाणिनी' म्हणून गौरविले गेले, पण या नियतकालिकाच्या वाचकांना त्यांच्याविषयी अधिक आपलेपणा वाटेल तो निराळ्या कारणाने. ते स्वतः परमुलखातले नोकरदार होते. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत, तेथे १८४४ साली मानवधर्म सभेच्या स्थापनेत भाग, पुढे अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर आणि रावबहादूर. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून काढले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलेल्या माणसाला आपल्या भाषेचे नियम बाहेरून पाहता येतात, असा आमचा अनुभव आहे. दादोबांच्या बाबतीतही तसे झाले असावे.

दादोबांच्या काळी इंग्रजी व्याकरण म्हणजे बहुतांशी लिंडले मरेचे व्याकरण. १७९५ साली निघालेल्या या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या इंग्लंड-अमेरिकेत खपल्या आणि त्याच वळणाची पुस्तके मुंबई इलाख्यातील शाळांतही आली. वाक्यरचनेच्या प्रकरणातला मरेचा पहिलाच नियम असा की क्रियापदाने वचन व पुरुष या दोन्ही बाबतींत कर्त्याला अनुसरावे. आता हा मरे कोण? तो पेनसिल्व्हेनियात जन्मलेला वकील. पुढे इंग्लंडात यॉर्क गावाजवळ येऊन राहिला आणि तेथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्याने हे व्याकरण लिहिले. तो क्वेकर पंथाचा होता, आणि नातवाच्या प्रश्नाचा धागा आम्हांस येथे सापडला.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सने हा पंथ उभा केला. त्या काळच्या इंग्रजीत एका माणसाशी बोलताना 'दाऊ' आणि अनेकांशी 'यू' असा भेद होता. परंतु थोरामोठ्यांना एकट्यालाही 'यू' म्हणण्याची रीत पडलेली होती. म्हणजे आपलेच आदरार्थी अनेकवचन! फॉक्स म्हणाला, देवासमोर सर्व माणसे सारखी. एका माणसाला अनेक म्हणणे हे खोटे बोलणे आहे. क्वेकर मंडळी न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणू लागली आणि त्यापायी त्यांनी मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या. १६६० साली फॉक्स व त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी एक जाडजूड ग्रंथच काढला. त्याचे नावच मुळी शिक्षकांस व पंडितांस एकवचन-अनेकवचन शिकविणारी अंकलिपी अशा अर्थाचे होते. जगातील अनेक भाषांचे दाखले देऊन एकाला एक म्हणावे व अनेकांना अनेक, एवढेच त्यात प्रतिपादन. सर्जापूर रोडवरचा आमचा नातू नेमके हेच म्हणत होता. त्याला मार पडला नाही हा काळाचा फरक.

फॉक्स हरला. इंग्रजीत 'दाऊ' लोपले, 'यू' उरले, आणि त्याच्यामागे अनेकवचनी क्रियापदही कायमचे चिकटले. अठराव्या शतकात एकट्या माणसाला उद्देशून 'यू वॉज' म्हणण्याची पद्धत बरीच रूढ झाली होती, हिशेबाने ती योग्यही होती. परंतु १७६२ साली बिशप रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात तिला घोर प्रमाद ठरविले आणि लाउथचा पुष्कळसा आधार घेऊन लिहिणाऱ्या मरेने तोच दंडक पुढे चालविला. आज साहेब आपल्या शिपायाला 'यू आर लेट' म्हणतो, तेव्हा तो नकळत त्याला अहोजाहो करीत असतो. इंग्रजी भाषेने आदर टाकला नाही, तो सर्वांस सारखा वाटून टाकला, आणि वाटल्यामुळे तो दिसेनासा झाला.

कचेरीत शिरल्यावर या नियमाची आणखी एक बाजू आम्हांस दिसली. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही एका आदेशाचा मसुदा मांडला आणि शाळेतील छडी स्मरून 'गव्हर्नमेंट इज प्लीज्ड' असे लिहिले. वरिष्ठांनी 'इज' खोडून 'आर' केले व समासात एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत धाडला. जुन्या मुंबई सरकारच्या ठरावांत 'गव्हर्नमेंट आर प्लीज्ड' हीच भाषा असे, आणि दक्षिणेतील सरकारी आदेशांत सरकार हे अनेकवचनी ठेवण्याची परंपरा अजून आढळते. तामिळनाडूचे आदेश पाहावेत. इंग्रजीत समूहवाचक नामाला दोन्ही वचने चालतात हे खरे. पण आमचा तर्क असा की इलाख्याचे सरकार म्हणजे गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल, चार डोकी एकत्र बसून केलेला निर्णय, ही आठवण त्या 'आर'मध्ये जिवंत राहिली असावी. आदेश कोणा एकाचा नाही, असे ते क्रियापद सांगते. जबाबदारी वाटून घेण्याची ही सोय पुढे किती जणांच्या उपयोगी पडली, ते वाचक आपापल्या कचेरीत आठवून पाहतीलच.

अमेरिकेत तर या 'इज' आणि 'आर' यांच्या पाठीमागे राज्याचा सगळा प्रश्न उभा होता. त्यांच्या १७८७ च्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना संयुक्त संस्थानांस अनेकवचनी सर्वनाम वापरले आहे. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही तेच. यादवी युद्धानंतरच्या काळात हळूहळू 'युनायटेड स्टेट्स इज' असे एकवचन रूढ झाले. कायद्यांनी मात्र या कटकटीतून आपली सुटका फार पूर्वी करून घेतली. लॉर्ड ब्रूमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८५० च्या ब्रिटिश कायद्याने एकवचनात अनेकवचन व पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत समजावे असे ठरविले, आणि आपल्याकडील १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टाचे तेरावे कलम तेच सांगते. संदर्भ आड येत नसेल तर एक म्हणजे अनेक आणि अनेक म्हणजे एक. नातवाला हे कलम वाचून दाखवावे असे मनात आले होते.

पण इंग्रजीत क्रियापदाने कर्त्याच्या मागे जावे हा नियम जितका सरळ, तितका मराठीत नाही, हे दादोबांपासून सर्वच व्याकरणकारांस जाणवले. 'राम आंबे खातो' येथे क्रियापद रामाचे. 'रामाने आंबे खाल्ले' म्हणताच ते आंब्यांचे झाले. राम एक असो की दहा, सीता असो की गीता, 'खाल्ले' हे आंब्यांकडे पाहून. संस्कृतातील 'रामेण आम्राणि खादितानि' या धाटणीचा हा वारसा. आणि 'सीतेने मुलांना बोलावले' येथे क्रियापद ना सीतेचे, ना मुलांचे. ते आपले नपुंसकलिंगी एकवचनात तटस्थ उभे. कर्तरी, कर्मणी व भावे असे प्रयोग ही मराठी व्याकरणाची खरी रणभूमी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या प्रचंड ग्रंथात आधीच्या सर्व मतांचा झाडा घेतला, त्यात संकर प्रयोगांची चर्चा आहे. 'तू पुस्तके दिलीस' हे वाक्य घ्या. 'दिली' हे पुस्तकांमुळे, त्यापुढला 'स' हा 'तू'मुळे. एक क्रियापद, दोन धनी, आणि दोघांचीही मर्जी राखलेली! आम्हां नोकरदारांस या रचनेविषयी विशेष आदर वाटावा हे साहजिक आहे.

असो. दिवाळीच्या आदल्या दिवशी घरी एक सुतार कपाट बसवावयास आला. तो बेळगावकडचा, मराठी बोलणारा. काम आटोपून तो म्हणाला, "साहेब, मी कपाट बसवलो." नातू खुदकन हसला, चिरंजीवही हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. बेळगाव, निपाणी, सोलापूर या पट्ट्यात ही बोली आम्ही बदलीच्या गावी पुष्कळ ऐकली आहे. कन्नडमध्ये 'नानु केलस माडिदे' म्हणजे मी काम केले. तेथे भूतकाळातही क्रियापद नेहमी करणाऱ्याकडेच पाहते, केलेल्या वस्तूकडे नाही. पिढ्यानपिढ्या दोन्ही भाषा एका तोंडात नांदल्या की एकीचा अन्वय दुसरीत उतरतो. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी मराठी, कन्नड व उर्दू या भाषांची वाक्ये एकमेकींत इतकी मुरलेली आढळली की शब्दास शब्द ठेवून भाषांतर व्हावे. गंपर्झ व विल्सन या संशोधकांनी १९७१ साली लिहिलेला त्यावरचा निबंध जगभर अभ्यासला जातो. जे वाक्य बंगळुरातल्या नवव्या मजल्यावर हास्यास्पद ठरले, ते व्याकरणाच्या इतिहासातला दस्तऐवज होता.

आणि मराठी-कन्नडांचा हा शेजार बंगळुरास नवा थोडाच आहे? १६३८ साली विजापूरकरांनी हे शहर घेतले आणि शहाजीराजांस जहागिरीत दिले. त्यांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये कवीचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ मूळ संस्कृत, पण त्यात दरबारात जमलेल्या कवींची निरनिराळ्या देशभाषांतील कवनेही आहेत. तो ग्रंथ १९२२ साली छापून काढला इतिहासाचार्य राजवाड्यांनी. ज्या राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहून आपल्या क्रियापदांची कुळी शोधली, तेच हे. पुढे व्यंकोजीराजे तंजावरास गेले, १६८७ साली मोगलांनी शहर घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवरायास विकले आणि मराठ्यांची सत्ता येथून उठली. मराठी बोलणारी घरे मात्र राहिली. अनेक भाषा एका सभेत बसविणारे हे गाव तेव्हापासूनचे आहे.

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरी स्वयंपाकास येणाऱ्या बाई कन्नड बोलतात आणि चिरंजीव व सूनबाई कामावर असताना नातू तिसऱ्या प्रहरापासून त्यांच्याजवळ असतो. आम्ही एकदा फिरून परतलो तेव्हा त्याने स्वयंपाकघरात वर्दी दिली, "तात बंदरु!" आजोबा आले. बिनचूक आदरार्थी रूप. कन्नडमध्येही एकट्या थोरास अनेकवचनच लागते आणि ते त्याला कोणी शिकविले नव्हते. बाईंच्या तोंडून रोज ऐकले होते. म्हणजे मुलाला आदराचे वचन कळत नव्हते असे नाही. ते त्याला कन्नडमध्ये येत होते, मराठीत येत नव्हते. मराठी त्याच्या कानांवर पडते ती रात्री जेवताना अर्धा तास, आणि तीही इंग्रजीच्या मधूनमधून. आम्ही बदल्यांच्या गावी पोरांना घेऊन हिंडलो तेव्हा सायंकाळी परवचा तरी होत असे. ही तक्रार नव्हे; ज्यांना चौकातच पाऊण तास लागतो त्यांनी परवचा केव्हा म्हणवून घ्यावा?

नातवाला 'आले' शिकवावयास बसलो तेव्हा आणखी एक अडचण निघाली, तिच्याकडे आमचे एरवी लक्ष गेले नसते. बोलताना 'पत्र आलं' आणि 'आजोबा आले' असे आपण वेगळे म्हणतो. छापताना मात्र दोन्ही ठिकाणी 'आले'. आमच्या वडिलांच्या पुस्तकांत 'पत्र आलें' असे डोक्यावर अनुस्वार देऊन नपुंसकलिंगी एकवचन दाखवीत आणि 'आजोबा आले' अनुस्वाराविना. 'मुलगी आली' पण 'मुलें आलीं'. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले आणि उच्चारात न उरलेले हे अनुस्वार लेखनातूनही गेले. मुलांचा त्रास वाचला हे खरेच. आम्हीही त्या सवलतीचे लाभार्थी आहो. परंतु जुन्या लिपीत 'सरकार आले' म्हणजे महाराज आले आणि 'सरकार आलें' म्हणजे मंत्रिमंडळ आले, हा भेद एका टिंबाने होत असे. आता तो वाचणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवावयाचा.

हे सारे नातवाला सांगणे शक्य नव्हते. आम्ही त्याला एवढेच सांगितले की जो आपल्याहून पुष्कळ वर्षे आधी आला, त्याच्याबरोबर ती सगळी वर्षेही येतात, म्हणून 'आले'. हे व्याकरण नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. दामले हयात असते तर त्यांनी आमचे कान धरले असते. त्याला मात्र पटलेसे दिसले. त्याने वर्षे किती ते विचारून घेतले आणि बोटे अपुरी पडतात असे पाहून नाद सोडला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. नातू उठून गच्चीत जाऊन उभा राहिला होता. खाली फाटकाशी दिवे दिसताच तो आत धावत आला आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "आजोबा, तुमचे टॅक्सी आले."

सूनबाई पुन्हा ओशाळल्या.